एकेक डॉलर देणाऱ्यांना कमी लेखू नका

नमस्कार दादा, प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की पेट्रिऑनवर, म्हणजे चाहते आपल्या आवडत्या कलाकारांना (क्रिएटर्सना) दरमहा थोडे पैसे देतात त्या वेबसाइटवर, पैसे मागणं ही ऑनलाइन भीक आहे, कामात दम असेल तर जाहिरातींतून मिळतातच, आणि महिन्याला एखादा डॉलर देणाऱ्यांवर कुणाचं घर चालत नाही. मला यातलं काहीच पटत नाही, शेवटचं तर अजिबात नाही.

जाहिरातींचं आधी बोलू. पेट्रिऑन २०१३ मध्ये सुरू झालं तेच त्या वैतागातून. ते सुरू करणाऱ्या जॅक काँटी या संगीतकाराने क्रेडिट कार्डावर कर्ज काढून, सुमारे दहा हजार डॉलर घालून एक म्युझिक व्हिडिओ केला आणि यूट्यूबच्या जाहिरातींतून फार तर काहीशे डॉलर सुटणार हे त्याला आधीच दिसत होतं. कामात दम नव्हता असं म्हणणार का? जाहिरातवाला फक्त किती जणांनी बघितलं ते मोजतो, कुणाला ते किती आवडलं याचा त्याच्या हिशेबात रकानाच नाही.

आणि भीक कसली हो? साधना साप्ताहिक १९४८ पासून वर्गणीदार जोडत आलंय, त्याला कुणी भीक म्हटलं नाही. इथे तर उलट अनेक क्रिएटर्सचं बरंचसं काम पैसे न देणाऱ्यालाही फुकट बघायला मिळतं, ते देणाऱ्यांच्या जिवावर.

आता एक डॉलरचं. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने जाहीर केलं की यापुढे प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट फी चाहत्याकडून घेणार, म्हणजे एका डॉलरला १.३८ डॉलर. पाचशे डॉलरवाल्याला ते जाणवणारही नाही, पण जो माणूस दहा जणांना एकेक डॉलर देत होता त्याचे दहाचे जवळपास चौदा व्हायला लागले, कारण आधी त्याची सगळी रक्कम एकत्र कापली जायची आणि आता पस्तीस सेंट दहा वेळा लागणार होते. लोकांनी धडाधड वर्गण्या बंद केल्या, क्रिएटर्सनी आरडाओरडा केला कारण त्यांचं महिन्याचं भाडं याच छोट्या रकमांवर होतं, आणि आठवडाभरातच कंपनीने जाहीर माफी मागून निर्णय मागे घेतला. एक डॉलरवाले बिनकामाचे असते तर एवढी धावपळ झाली असती का?

हां, मधले लोक वाटा खातात हे खरंय, मला त्याची चीड आहे. शिवाय ऑक्टोबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेमेंटचे नवे नियम लागू झाले तेव्हा आपल्याकडच्या कार्डांवरची कितीतरी परदेशी सबस्क्रिप्शन्स आपोआप कटायची थांबली, देणाऱ्याची इच्छा असून. म्हणून तुमच्या आवडीचं कुणी असेल तर आयफोनच्या ॲपमधून सभासद होऊ नका, तिथे ॲपलचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, ब्राउझरमधून वेबसाइट उघडून व्हा. आणि पुढच्या महिन्यात पैसे खरंच गेले का तेवढं बघा.