वाटीवरची खूण आणि खरी हालचाल

गुडघ्याची वाटी बाहेर घसरते का हे पाहायला एका लेखात वाटीवर स्टिकर लावून मोबाइलने व्हिडिओ घ्यायला सांगितलंय. पण गुडघा वाकताना कातडी वाटीवरून सरकते; स्टिकर कातडीची हालचाल दाखवतो, हाडाची नाही. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत बसते ती गुडघा साधारण २०-३० अंश वाकल्यावर, बाहेर घसरण्याचा खेळ बहुधा त्याआधीचा. म्हणून ४५ अंशांवरचा मर्चंट एक्स-रे (वाकवलेल्या गुडघ्याची वाटी आणि खाच दाखवणारा) नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ० ते ३० अंशांत टप्प्याटप्प्याने एमआरआय घ्यावा, एकदा मांडीचा स्नायू सैल ठेवून, एकदा आवळून. वाटीचा तिरकेपणा मोजताना संदर्भरेषा मांडीच्या हाडाच्या मागच्या गोलाकार टोकांना टेकवा. खाच उथळ असली की तिच्या पुढच्या कडा फसवतात. टीटी-टीजी अंतरासोबत (नडगीच्या हाडावरचा उंचवटा आणि मांडीच्या हाडाची खाच यांतलं आडवं अंतर) गुडघ्याचा कोनही लिहा, वाकवल्यावर ते कमी भरतं.