तापेल तितकं बरं? तसं नाही

सर्व्हरच्या चिप उकळत्या द्रवात बुडवून थंड ठेवण्यावरचा लेख आवडला, पण त्यातलं 'पृष्ठभाग जितका तापेल, तितकी जास्त उष्णता उकळता द्रव ओढून घेतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे. भाकरीचा तवा बेताचा तापला असेल तर पाण्याचा शिंतोडा चर्रकन आटतो. तोच तवा कडकडीत तापू द्या, थेंब गोळी होऊन नाचत बसतो! खाली वाफेची गादी झालेली असते, ती उष्णता द्रवापर्यंत नीट पोहोचू देत नाही. चिपवर हे झालं की खेळ खल्लास. १९३४ मध्ये जपानचे संशोधक नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेल्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारेतली वीज वाढवत नेली आणि अशीच गादी होऊन तार वितळून तुटली. प्लॅटिनमची मात्र टिकली. ज्याच्यापुढे अशी गादी होते, ती उष्णतेची मर्यादा साध्या हवेच्या दाबाखालच्या पाण्यात चौरस सेंटिमीटरला साधारण १०० वॅट. सर्व्हर बुडवतात त्या वीज न वाहणाऱ्या द्रवांची तर बरीच कमी. लेखात या मर्यादेचा आकडा हवा होता.