'डूम' म्हणजे धूमकेतू नव्हे

सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीने गेल्या शनिवारी नातीची इंग्रजी शब्दांची वही मिटून कपाटात ठेवली आणि कारण विचारताच मोबाइल पुढे केला. महिनाभरात चार नातेवाइकांनी मला पाठवलेलाच तो संदेश होता. त्याचे म्हणणे असे : नियती आणि अरिष्ट यांविषयीचे सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरलेले आहेत, 'डूम' म्हणजे धूमकेतू, 'डिझास्टर' म्हणजे दुष्ट अस्त्र, 'विअर्ड' म्हणजे विरुद्ध, आणि हे शब्द घरात उच्चारल्यास ग्रहपीडा ओढवते, म्हणून ते मुलांना शिकवू नयेत.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण वही त्याच्यापायी कपाटात गेली. 'डूम' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'दोम' असा होता आणि त्याचा अर्थ निवाडा किंवा कायदा एवढाच होता. विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडातील जमिनी, नांगर, पाणचक्क्या, कुठे कुठे डुकरेसुद्धा मोजून घेतली. त्या दप्तराला लोक 'डूम्सडे बुक' म्हणू लागले. का म्हणू लागले, हे दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने शंभर वर्षांच्या आतच लिहून ठेवले आहे : अखेरच्या दिवशीच्या निवाड्यावर जशी दाद मागता येत नाही, तशी या दप्तरातील नोंदीवरही मागता येत नाही. थोडक्यात, हे महसुली दप्तराचे नाव आहे. सातबाराचा उतारा काढताना कोणाला ग्रहपीडा झाल्याचे ऐकिवात नाही; तलाठ्याची पीडा वेगळी. निवाड्याचा अर्थ शिक्षेकडे आणि तिथून सर्वनाशाकडे सरकला तो पुढे. आणि नुसत्या उच्चाराने अरिष्ट येत असते, तर दूध उतू गेले की 'मेली साडेसाती' म्हणणाऱ्या माझ्या मावशीचे घर कधीच बसले असते.

बाकीचे शब्द फार वेळ घेत नाहीत. 'विअर्ड' म्हणजे मुळात नियतीच; 'मॅक्बेथ'मधल्या तीन चेटकिणी त्याच अर्थाने 'विअर्ड' आहेत, 'विरुद्ध'चा तिथे काही संबंध नाही. 'डिझास्टर'मध्ये अस्त्र नाही, पण तारा आहे, कारण हा शब्द वाईट ताऱ्याच्या कल्पनेतून इटालियनमध्ये घडला. तेव्हा ग्रहताऱ्यांपुरते संदेशाचे म्हणणे, नाइलाजाने, मान्य करतो. शिवाय 'डूम' आणि 'विधिलिखित'मधला 'विधि' हे दोन्ही शब्द ज्या आदिम धातूपर्यंत पोचतात, तोच संस्कृतात 'धा' म्हणून टिकला आहे, आणि 'विअर्ड'चे नाते 'वृत्'शी लागते, हेही खरे. मात्र संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा आता बहुधा अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमातून आल्या असाव्यात, असे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ सालीच मांडले होते. चुलत भावंडांचे नाक सारखे असले म्हणून एकाने दुसऱ्याचे चोरले, असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीने पूर्वेकडून खरोखर उचललेला नियतीचा शब्द 'किस्मत', पण तो अरबी असल्यामुळेच की काय, या संदेशात नाही.

वही रविवारी कपाटातून बाहेर आली आणि तीत 'डूम'पुढे नातीने 'निवाडा' असे लिहिले आहे. मावशीने तो संदेश ज्या अकरा जणींना पाठवला होता, त्यांना हे उत्तर पाठवायला मात्र ती अजून तयार नाही.