पायांशी झालेलं संभाषण

माणूस गाडीखाली उताणा पडलेला असताना त्याच्याशी कसं बोलावं याचे काही नियम असायला हवेत, असं माझं परवापासून ठाम मत झालं आहे. पहिला नियम: बोलू नये.

आमच्याकडे एक जुनी पिकअप आहे. डिझेलची, आणि विकणाऱ्याच्या शब्दांत 'एकहाती वापरलेली'. तो हात एकदा बघायला मिळाला तर बरं होईल. परवा ती रिव्हर्सला टाकली की मागून 'टक्क' व्हायला लागलं. पुढे घेतली, पुन्हा टक्क. असा आवाज बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे त्या फिरत्या दांड्याच्या सांध्याचा, असतो. चाकांना पुढूनमागून दगड लावले, खाली सरकलो आणि शाफ्ट हाताने पिळून त्यात खेळ किती आहे ते बघायला लागलो.

"आहात का आत?"

शेजारचे काका. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या आणि त्यांना माझे फक्त पाय.

"आहे. खाली आहे."

"ते दिसतंय. पडलात का?"

"नाही हो. आवाज येतोय, तो बघतोय."

"कधी येतो?"

"रिव्हर्स टाकला की."

चपलांनी थोडा विचार केला. "मग टाकू नका रिव्हर्स."

यावर काय बोलणार? मी पुन्हा शाफ्टकडे वळलो. तेवढ्यात काकांनी हौद्याचा मागचा फाळका उघडला. उघडला म्हणजे खटका काढून सोडून दिला. धाडकन आवाज झाला आणि हौद्याच्या तळाचा सगळा गंज माझ्या डोळ्यांत आला. मागच्या मालकाने हौद्यात काय वाहिलं देव जाणे, पण वरून रंग झकास आणि खालून पत्र्याचा पापड झालाय. मी डोळे चोळत होतो आणि वर काका विती टाकून माप घेत होते.

"कपाट उभं जाईल की आडवं?"

"कुठलं कपाट?"

"आमच्या मुलीचं. रविवारी घर बदलतेय. तुमची गाडी तशी उभीच असते."

"काका, ती बिघडलीय. म्हणून तर मी खाली आहे."

"बिघडलीय म्हणजे बंद नाही ना?"

आता मी इरेला पेटलो. पडल्यापडल्या त्यांना समजावून सांगितलं की इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा हा सांधा आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटेल, वजन असेल तर सांध्यावर ताण आणखी येईल. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कपाट लोखंडी नाहीये हो," ते म्हणाले. "प्लायचं आहे."

कार असलेल्या माणसाकडे कुणी असं मागत नाही. हौदा दिसला की मात्र तो सार्वजनिक मालमत्ता होतो. कुणाचा सोफा, कुणाची गादी, कुणाच्या कुंड्या. 'डिझेल टाकतो की' म्हणतात आणि तेवढ्यावर हिशेब संपला असं त्यांना खरंच वाटतं. क्लच प्लेट झिजते, मागच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, ब्रेकचे लायनर उडतात, हे कुणाच्या डिझेलमध्ये धरायचं? या गाडीला टायरही जास्त वजन पेलणारे लागतात आणि त्यांची किंमत त्याच मानाने. विम्याच्या दिवशी कुणी 'अर्धे मी देतो' म्हणत आलेलं नाही.

बरं, रिकामी चालवावी तर तेही सुख नाही. पाटे बनवलेत वजनासाठी. हौदा मोकळा असला की मागचा भाग प्रत्येक खड्ड्याला उडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकतात. जाणकार सांगतात, वाळूची पोती टाका. म्हणजे कुठेही न न्यायची वाळू सगळीकडे घेऊन हिंडायचं आणि तिच्यासाठी डिझेल जाळायचं.

मेकॅनिक हा वेगळाच अध्याय. त्याचं एक लाडकं वाक्य आहे: "हात घातलाच आहे तर..." क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला. टायमिंग बेल्ट काढलाय, तर वॉटर पंपही. वाईट म्हणजे तो बरोबर बोलतो. मजुरी खोलण्या-जोडण्याची असते, सुट्या भागाची नव्हे. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. धुराचे रंगही त्यानेच शिकवले. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, पांढरा आणि सारखा येत असेल तर कूलंट आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाहीये. आमच्या गाडीने काहीच वगळलेलं नाही.

हे इंजिन ज्याच्या नावाचं, त्या रुडॉल्फ डिझेलला 1893 साली पेटंट मिळालं. 1913 साली इंग्लंडला निघालेल्या जहाजावरून तो रात्रीत नाहीसा झाला. त्याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. बिल हातात असताना मलाही एक सुचतो.

आणि हा क्रॉस! सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन विद्वानाचं नाव याला जोडलेलं आहे, सतराव्या शतकात इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने यावर डोकं चालवलं. एवढ्या विद्वानांच्या वस्तूला 'एकहाती' मालकाने ग्रीसचा एक थेंब दाखवला नव्हता. क्रॉसच्या टोकाला जे बेअरिंगचे कप असतात, त्यांतल्या एका कपातल्या सुया झिजून लाल भुकटी झाली होती. ती मी काकांना दाखवायला बाहेर सरकलो.

त्यांनी भुकटी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं, आणि खरोखर कळवळून म्हणाले, "कशाला हा त्रास? विकून टाका ही."

मला बरं वाटलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच कुणी माझ्या बाजूने बोललं होतं.

"फक्त रविवारनंतर," काका म्हणाले आणि फाळका तसाच लोंबकळत ठेवून निघून गेले.

मी गाडी टोचन करून मेकॅनिककडे नेली. त्याला म्हटलं, घाई नाही, सोमवारी दे, मंगळवारी दे. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. या माणसाने कबूल केलेल्या दिवशी गाडी दिल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "साहेब, गाडी तयार आहे. हात घातलाच होता, म्हणून सेंटर बेअरिंगपण टाकलंय. आता बिनधास्त लोड भरा."