तीन प्लेट मिसळ आणि एक क्ष

रविवारी सकाळी कोल्हापूरचा माणूस मिसळीच्या रांगेत असतो. मी शिवाजी पेठेतल्या घरात कन्येच्या गणिताच्या वहीसमोर घाम पुसत होतो. "पप्पा, मी सोडवतो, तुम्ही नुसतं बघा," ती म्हणाली. (आमच्याकडं मुलीही 'करतो, जातो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) मी बघत बसलो असतो तर अब्रू राहिली असती.

तिला गोडी लागावी म्हणून उदाहरण मीच रचलं. तीन प्लेट मिसळ आणि ४० रुपयांचं ताक, बिल ३१०. प्लेट कितीला? म्हणजे ३क्ष + ४० = ३१०. गोडी राहिली बाजूला, मलाच भूक लागली.

"सोपं हाय," मी म्हणालो. "३१० ला तीननं भाग, १०३.३३. त्यातनं ४० वजा. ६३ रुपये ३३ पैसे."

"६३ रुपयांत मिसळ? कुठं? आत्ताच जाऊया."

तेवढ्यात शेजारचे निवृत्त गुरुजी पेपर मागायला आले आणि वही घेऊन बसले. "अहो, भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत सांगून ठेवलंय. विलोमविधी! गुणलं असेल तिथं भागा, मिळवलं असेल तिथं वजा करा, आणि शेवटाकडनं मागं या. फेट्याचं शेवटी खोचलेलं टोक सोडताना पहिलं निघतं का नाही? ४० शेवटी मिळवलेत, ते आधी काढा."

३१० वजा ४०, २७०. भागिले तीन, ९०. आता बोर्डावरच्या दराशी जुळलं.

"पण आमच्या वेळी बाजू बदलली की चिन्ह बदलायचं," मी कुरकुरलो.

"आता राजकारणातसुद्धा तसं राहिलं नाही," गुरुजी म्हणाले. "बाजू बदलणारा चिन्हही संगट नेतो."

कन्येनं समासात पेन्सिलीनं तागडी काढली. एका पारड्यात तीन प्लेटा आणि फेसासकट ताकाचा ग्लास, दुसऱ्यात ३१०. "पप्पा, कोण कुठं जात नाही. दोन्हीकडनं ४०-४० काढायचे, तागडी हलत नाही." इतकी वर्षं मी समजत होतो, अधिक ४० बरोबरच्या चिन्हावरनं उडी मारतो आणि पलीकडं वजा होऊन पडतो.

ताळा करायला हवाच होता, म्हणून निघालो. पहिल्याच घासाला कट टाळूला भिडला. डोळ्यांतनं पाणी.

"आता ह्याची विरुद्ध क्रिया?" मी कसंबसं विचारलं.

"मामा, दोन वाट्या दही!" ती ओरडली.

"दोन कशाला?"

तिनं आपली प्लेट पुढं सरकवली. "दोन्ही बाजूंना सारखं, पप्पा."