यावर कुणी झोपलं तर?

डोकं तापलेलं असताना लिहू नये म्हणतात. पण डोकं थंड झाल्यावर मी लिहीतच नाही, त्यामुळे आत्ताच.

दुपारी दीडच्या सुमाराला साइटवरून परतताना महापालिकेच्या एका बागेसमोर थांबले. फाटकाला कुलूप. पाटीवर वेळ: सकाळी 6 ते 11, संध्याकाळी 4 ते 8. आतल्या रेन ट्रीची एक मोठी फांदी कुंपण ओलांडून फुटपाथवर आलीये, तेवढ्या सावलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली. घरकामाच्या दोघी डबा उघडून, एक डिलिव्हरीचा मुलगा बाइकवरच आडवा, एक आजोबा हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन. कुंपणाच्या आत बाकं रिकामी, सगळी सावली रिकामी. वॉचमनकाकांना म्हटलं, "काका, जेवण होईपर्यंत तरी या ताईंना आत बसू द्या." तर म्हणे, "मॅडम, टाइम नाही. वर तक्रार गेली तर माझी ड्युटी जाईल. आणि एकदा उघडलं की जोडपी येतात." त्या दोघींतली एक उलट मलाच समजवायला लागली, "जाऊ द्या ताई, आमचं रोजचंय."

घरी येऊन फोन बघते तर आमच्या लँडस्केपवाल्यांच्या, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा आखणाऱ्यांच्या, ग्रुपवर तोच वाद अजून चालू. आपलं वेगळं कौन्सिल (आपली नोंदणी करणारी कायदेशीर संस्था) हवं की नको. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनं आर्किटेक्टला कायद्याचं छत्र दिलं, लँडस्केपवाल्यांची वेगळी नोंदणी कायद्यात नाही, मग कुणीही चार कुंड्या मांडून कार्डावर लँडस्केप डिझायनर छापतो. बिल्डर आपल्याला बोलावतो तेव्हा पोडियमचा, म्हणजे पार्किंगवरच्या छताचा, स्लॅब पडून गेलेला असतो आणि दीड फूट मातीत 'मोठी झाडं दाखवा मॅडम' अशी फर्माईश असते. सगळं खरं आहे. कौन्सिल व्हायला हवं, झालं तर फॉर्म भरायला मी रांगेत पहिली असेन. पण इतके दिवस इतके मेसेज, आणि त्यात एकदाही कुलूप हा शब्द नाही?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझी ती बाकाची गोष्ट ऐकलीये. परत ऐका.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या शहरातल्या बागेचं काम होतं. शहर सांगत नाही. करंजाच्या जुन्या झाडांखाली आम्ही लांब बाकं दिली होती, सहा-सात फुटी, लाकडी पट्ट्यांची, पाठ नीट टेकेल अशी. मीटिंगमध्ये पाणी, ड्रेनेज, रोपांची यादी, कशावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मोठ्या साहेबांनी बाकाच्या डिटेलवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यावर कुणी झोपलं तर?"

मी म्हटलं, "झोपू दे की साहेब."

सगळे हसले. त्यांना वाटलं मॅडमनी विनोद केला. पुढच्या रिव्हिजनमध्ये प्रत्येक बाकाला मधोमध स्टीलचे दोन दांडे आले. दांड्यांना दर होता बरं का. डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, स्टीलला दर आहे, पेव्हरला दर आहे, ग्रॅनाइटच्या कडेला दर आहे. सावलीला नाही. आणि आपली फी कामाच्या रकमेच्या टक्क्यांत, म्हणजे जितका दगड जास्त तितकी फी जास्त. दोन वडाची झाडं आणि खाली मुरूम एवढंच डिझाइन केलं तर ऑफिसचं भाडं निघत नाही. यावर बोला ना ग्रुपवर! पण यावर बोललं की सगळे टायपिंग... टायपिंग... आणि मग गुड मॉर्निंग.

"यावर कुणी झोपलं तर?" हा प्रश्न एकदा कानात बसला की सगळीकडे ऐकू येतो. दुपारी बाग बंद का? कुणी झोपलं तर. हिरवळीवर चालू नये ही पाटी का? कुणी झोपलं तर. पुलाखाली टोकदार दगड का बसवलेत? बस स्टॉपची सीट एवढी तिरकी, निसरडी का केलीये की माणूस बसण्यापेक्षा टेकतो फक्त? आणि जोडप्यांचं तर बोलूच नका. या पुण्यात हजारो मुलंमुली शिकायला येतात, हॉस्टेलवर राहतात, त्यांनी दुपारी तासभर कुठे बसून बोलायचं? मॉलमध्ये, दोनशे रुपयांची कॉफी घेऊन. बसू देत की जोडपी. दोन माणसं झाडाखाली हातात हात घेऊन बसल्यानं कुठल्या बागेचं काय झिजलंय?

बरं, दारुडे येतात, बाटल्या फुटतात, हे मान्य. एकटा कंत्राटी वॉचमन, तोही बारा तासांच्या ड्युटीवर, काय काय सांभाळणार, हेही मान्य. पण मग दोन माणसं वाढवा. दुपारी बाग बंद ठेवून बाटल्या फुटायच्या थांबल्यात का? रात्री भिंतीवरून उड्या मारून येतात की.

आता जरा आपल्या धंद्याच्या मूळपुरुषाबद्दल, कारण कॉलेजमध्ये हे सगळ्यांनीच शिकलंय आणि परीक्षेनंतर विसरलंय. लिव्हरपूलजवळ बर्कनहेडला 1847 साली पार्क उघडलं. जोसेफ पॅक्सटनचं डिझाइन, खर्च सार्वजनिक पैशातून, आणि आत यायला सगळ्यांना मुभा. अमेरिकेतला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, हाच तो मूळपुरुष, 1850 साली तिथे गेला आणि झाडांइतकंच भारावला ते यानं, की अगदी गरिबातला माणूसही ही बाग आपलीच समजून वावरतोय. पुढे 1858 मध्ये त्यानं आणि कॅल्व्हर्ट वॉक्सनं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली. आपण स्लाइडवर त्याचे वळणदार रस्ते दाखवतो, खाली दडवलेले आडवे रस्ते दाखवतो. ते पार्क आज पहाटे 6 ते रात्री 1 उघडं असतं, ही स्लाइड कुणी केलीये का?

एवढ्या लांबही जायला नको. शिवाजी पार्कचा कट्टा बघा. 1925 साली माहीम पार्क म्हणून सुरू झालेलं मैदान, दोन वर्षांनी शिवाजी पार्क झालं. त्याच्याभोवती जी बुटकी भिंत फिरते ना, किलोमीटरहून लांब, ते माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात यशस्वी स्ट्रीट फर्निचर आहे. बसा, पाय वर घ्या, भांडा, लग्न ठरवा, मोडा. रात्री अकराला तिथे पेन्शनर असतात, पहाटे पाचलाही असतात, कधीकधी तेच असतात. मरीन ड्राइव्हचाही कठडा तसाच. त्यावर दुपारी टॅक्सीवाला आडवा झाला की मुंबईची काही बेअब्रू होत नाही. या दोन कठड्यांना एकाही स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही, कारण फोटोत काही दिसतच नाही. नुसती भिंत. वर माणसं.

आणि फोटोंचं तर विचारूच नका. आपल्या सगळ्यांच्या रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांत, कायम संध्याकाळ असते हे लक्षात आलंय का तुमच्या? केशरी आभाळ, फुगा धरलेलं पोरगं, कुत्रा घेऊन फिरणारी बाई. मे महिन्यातली दुपार दोनची वेळ रेंडर केलेली एक शीट मला दाखवा, मी जेवण देते. दुपार रेंडर केली तर लगेच कळेल की रांगेत लावलेल्या बॉटल पामच्या सावलीत एक मांजरही बसू शकत नाही.

इथे नेटिव्हवाले, म्हणजे फक्त देशी झाडंच लावा म्हणणारे, मित्र उठतील, म्हणून आधीच सांगते. करंज, कडुनिंब, अर्जुन, बकुळ, वावळ लावा, लावायलाच हवीत. मीही लावते. त्यांच्यावर येणारे किडे-पाखरं रेन ट्रीवर येत नाहीत, ठीक, घ्या तो मुद्दा. पण रेन ट्री मध्य-दक्षिण अमेरिकेतून आलाय आणि गुलमोहर मादागास्करचा, म्हणून तो काढूनच टाका असं जे परवा एकानं लिहिलं, त्यानं आज दुपारी माझ्याबरोबर त्या फुटपाथवर उभं राहायला हवं होतं. त्या ताईंनी झाडाचं मूळ गाव विचारलं नाही. जुनं, पसरलेलं, उभं असलेलं झाड पहिलं, मग बाकी सगळं. आणि त्याच्या बुंध्याशी मोकळी माती ठेवा! दिल्लीच्या प्रकरणात हरित लवादानं 2013 सालीच सांगितलंय, झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको. तरी आपण बुंध्याला चिकटवून पेव्हर लावतो, वर त्याला 'ट्री गार्ड डिटेल' म्हणतो, आणि पावसाळ्यात झाड पडलं की झाडालाच धोकादायक ठरवतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला बहुतेक. कारण ते साहेब आठवले. मीटिंगनंतर चहाच्या वेळी बाजूला येऊन म्हणाले होते, "मॅडम, मलाही कळतं. आमचे वडील कोर्टाच्या तारखेला तालुक्याला यायचे, दुपारभर एसटी स्टँडवर पडून असायचे. पण उद्या बाकावर झोपलेल्या माणसाचा फोटो पेपरात आला ना, 'कोटींची बाग, भिकाऱ्यांचा अड्डा', तर मला नोटीस येते." माणूस वाईट नव्हता. त्यांच्या वडिलांना पाठ टेकायला जागा हवी होती हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी दांडे लागले. ही बातमी कोण वाचतं, कोण शेअर करतं? आपणच. आपल्या सोसायटीचे ग्रुप. "बागेत हल्ली कोणीही येतं." कोणीही! सार्वजनिक बागेत कोणीही नाही तर काय निमंत्रित येणार?

परत चिडले.

यात कुणीतरी पाराची आठवण काढेल, गावाकडे कसं वडाखाली पार असायचा, कुलूप नाही की वॉचमन नाही. नका काढू. त्या पारावर कोण बसायचं आणि कोण उन्हात लांब उभं राहायचं हे आपल्याला माहीत आहे. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव 1924 सालीच केला होता. तरी त्या पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 ला सत्याग्रह करावा लागला, आणि नंतर मारही खावा लागला. मी त्या अन्यायाची तुलना आजच्या कुलपाशी करत नाहीये, तेवढी अक्कल आहे मला. एवढंच म्हणतेय की जागा कागदावर सार्वजनिक असणं आणि माणसाला तिथे टेकता येणं यात अंतर असतं, आणि निदान आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी ते दिसायला हवं.

मुळा-मुठा नदीकाठाच्या प्रकल्पावर आपण एकत्र आलो, 44 किलोमीटरच्या त्या आराखड्याविरुद्ध सह्या केल्या, भाषणं केली, टेकडीसाठी चाललो. उत्तमच. पण नदीकाठ मोठी गोष्ट आहे, तिथे भांडायला ग्लॅमर आहे. कोपऱ्यावरच्या बागेच्या कुलपासाठी कोण भांडणार? दिल्लीची सुंदर नर्सरी बघून आपण सगळे भारावून आलो. मोहम्मद शहीरांचं काम, 2018 मध्ये उघडली, त्याआधीच ते गेले. हिवाळ्यात तिथे दिवसभर लोक चटया टाकून लोळत असतात, चक्क झोपलेले असतात, आणि त्या बागेचं काहीही बिघडत नाही. तिकीट आहे, हो, आणि ते मला खटकतंच. पण दुपारी दीडला फाटक उघडं असतं.

बंगळुरूत 2024 मध्ये सरकारनं सांगितलं, महापालिकेच्या बागा पहाटे 5 ते रात्री 10 खुल्या ठेवा. त्याआधी तिथेही दिवसाचे मधले काही तास कुलूप असायचं. अंमलबजावणीत खाचाखोचा असतीलच, पण निर्णय झाला ना. त्यासाठी नवा कायदा, नवं कौन्सिल, नवा मास्टर प्लॅन काही लागलं नाही.

तर माझं ठरलंय. आमच्या वॉर्ड ऑफिसला एक पानी पत्र देणार: भागातल्या बागा दुपारी उघड्या ठेवा, स्वच्छतागृहासकट, आणि दुपारच्या पाळीला एक माणूस जास्त द्या. पाणी घालणं आणि झाडलोट सकाळी लवकर होऊ शकते, कुठल्याही माळ्याला विचारा, भर दुपारी रोपांना पाणी घालणारा माळी माझ्या पाहण्यात नाही. सह्या करायला आर्किटेक्ट असायची अट नाही.

ज्यांच्या भागातली महापालिकेची किंवा नगरपालिकेची बाग दुपारी उघडी असते त्यांनी खाली नाव आणि वेळ लिहा, पत्राला जोडता येईल. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठलीही चालेल. "मग घाण कोण साफ करणार" हे आधीच आलंय, तेवढं परत लिहू नका. आणि कौन्सिलवाल्यांनी कृपया इथे येऊ नये. तिकडे ग्रुपवर भांडू, मी रात्री जेवून येते.