दुधीची मोजदाद

आमच्या अडीच वर्षांच्या कन्येच्या जेवणाला सव्वा तास लागत असे आणि तेवढ्या वेळात तिच्या पोटात मोजून साडेतीन घास जात. उरलेला वरण-भात तिच्या कोपरावर, केसांत आणि कार्यालयात जाण्यासाठी मी नुकत्याच चढवलेल्या सदऱ्यावर जाऊन बसे. आई चिऊ-काऊचे घास मांडी, मी गॅलरीतली कबुतरे दाखवी आणि सगळे उपाय थकले की मोबाइल बाहेर निघे.

शेवटी गाऱ्हाणे घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळेच्या सुमारे तिप्पट होते, दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनीच वाढते, त्यामुळे भूकही मंदावते, असे सांगून त्या म्हणाल्या, "काय आणि केव्हा वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू द्या." नावडता पदार्थ आग्रह न करता आठ-दहा, प्रसंगी पंधरा वेळाही ताटात वाढावा लागतो, आणि खाताना तिच्याकडे टक लावून बघायचे नाही, असेही त्यांनी बजावले.

ही शेवटची अट सर्वांत जड होती. "तुला मी तोंडाकडे बघतच भरवलं," असे म्हणून आई माझ्या शहाऐंशी किलोंकडे बोट दाखवते. हा पुरावा नेमका कोणाच्या बाजूचा, हे मला अजून उमगलेले नाही.

प्रयोगासाठी दुधी निवडला (मला तो मुळीच आवडत नाही, पण हे घरात बोलायचे नाही असे ठरले होते) आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी दुधीच्या खुणा सुरू केल्या. पहिल्या दिवशी कन्येने फोड ट्यूबलाइटपुढे धरून सोनाराच्या नजरेने पारखली आणि माझ्या पाण्याच्या भांड्यात सोडली. चौथ्या खेपेस ती नुसती चाटली. नवव्या खेपेस मात्र तिने फोड उचलली, तोंडात घातली आणि चक्क चावू लागली. मी आमटीत डोके खुपसले, पत्नी पंख्याची पाती न्याहाळू लागली. कोणी श्वास म्हणून घेत नव्हते.

"खाल्ली गं बाई माझी!" आईने टाळ्या पिटल्या.

कन्या दचकली. तिने फोड तोंडातून काढली, नीट निरखली आणि आजीच्या ताटात ठेवली.

कॅलेंडरात पुन्हा एकपासून खुणा सुरू आहेत.